सबमिशनच्या धांदलीत वसंत कसा गाठायचा: नाशिकच्या कॉलेजवाल्यांसाठी

सकाळी सातला गाडीवर येताना स्वेटर लागतं आणि दुपारी बाराला तेच स्वेटर कमरेला बांधून आपण रसवंती शोधत फिरतो, असा एक आठवडा फेब्रुवारीत येतोच. तो आला की समजायचं, सुरू झालं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सकाळचा गारवा इथे मार्चमध्येसुद्धा रेंगाळतो आणि दुपारचं ऊन मात्र आधीच चटके द्यायला लागलेलं असतं, आणि या दोघांच्या मधल्या दिवसांत जे काही घडतं ना, पानगळ, पालवी, मोहर, कोकीळ, तेच आपलं स्प्रिंग. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण काटेसावर चैत्राची वाट बघत नाही, ती माघ-फाल्गुनातच फुलून मोकळी होते. म्हणून तुम्ही गुढीपाडव्याची वाट बघत बसलात तर अर्धा वसंत गेलेला असणार आणि उरलेला अर्धा इंटर्नल, जर्नल आणि व्हायवा खाऊन टाकणार.

माझं एफवाय असंच गेलं. म्हणजे कॅम्पसवर रोज येत होते, त्याच झाडांखालून जात होते, पण एप्रिलच्या शेवटी कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, गेटजवळची काटेसावर लालभडक फुललेली, आणि मला खरंच आठवेना की ही कधी फुलली. वाईट वाटलं. म्हणून एसवायला ठरवून केलं आणि त्यातून जे जमलं ते लिहितेय, ज्युनियर लोकांसाठी खास.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण एवढं करा. एक झाड धरा. फक्त एक. कॅम्पसवरचं, रोजच्या वाटेवरचं, ज्याच्यासाठी वाकडी वाट करावी लागणार नाही असं. पहिल्याच दिवशी सगळी झाडं ओळखायची, लिस्ट करायची, गार्डनभर फिरायचं असं ठरवलंत तर चौथ्या दिवशी ते बंद पडतं. एकाच झाडाकडे रोज दहा मिनिटं, प्रॅक्टिकल आठला असेल तर पावणेआठला, बस्स. त्या एकाच्या निमित्ताने बाकीची आपोआप दिसायला लागतात.

कुठलं धरायचं म्हणाल तर माझं मत पिंपळ. लोक म्हणतील पिंपळाला कुठे फुलं दिसतात, पण पालवी बघायला त्याच्यासारखं दुसरं झाड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जवळजवळ बोडका होतो आणि मग प्रत्येक फांदीच्या टोकाला एक गुलाबीसर टोकदार कळी दिसते, ती उघडते, तिचं आवरण गळून पडतं आणि आतून तांब्याच्या रंगाचं, ओलं असल्यासारखं चकाकणारं पान बाहेर येतं, इतकं मऊ की बोटात धरलं तर रेशमी कापड वाटतं. ते लाल का असतं तर कोवळ्या पानात हिरवं द्रव्य तयार व्हायच्या आधी अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य भरलेलं असतं, आणि ते नाजूक पानाला कडक उन्हापासून सांभाळतं असं मानतात. मग तो लाल रंग गुलाबी होतो, मग पोपटी, मग हिरवा, आणि हे सगळं एकाच फांदीवर एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर चाललेलं असतं. वारा अगदी जेमतेम असला तरी पिंपळ सळसळतो कारण देठ लांब, बारीक आणि पान रुंद. मी एकाच जागी उभी राहून, त्याच फांदीचा, मोबाईल त्याच उंचीवर धरून रोज एक फोटो काढला, वीस-बावीस दिवस. नंतर गॅलरीत ते पटापट सरकवले तेव्हा अंगावर काटा आला. हे नक्की करून बघा, यासाठी भारी कॅमेरा लागत नाही, फक्त जागा बदलायची नाही, एखाद्या फरशीवर खडूने खूण करून ठेवा.

पिंपळ नसेल तर करंज धरा, करंज कॉलेजांमध्ये हमखास असतो, रस्त्याच्या कडेला लावलेला. त्याची पालवी अशी लख्ख पोपटी येते की दुपारच्या उन्हात झाडात आतून दिवा लावलाय असं वाटतं. कडुनिंबही चालेल पण त्याच्याबद्दल पुढे सांगते, त्याची वेळ वेगळी आहे.

फुलांचा क्रम साधारण डोक्यात असू द्या म्हणजे चुकामूक होत नाही. आधी काटेसावर, तिलाच शेवरी किंवा सावर पण म्हणतात. अंगावर एक पान नाही आणि सगळ्या फांद्यांवर तळहाताएवढी मांसल लाल फुलं. पांगारा तिच्याच आगेमागे. मग पळस, शहराबाहेर त्र्यंबक रोडने किंवा पेठ-दिंडोरीकडे गेलात तर माळावर पेटल्यासारखा दिसतो, आणि हो, फुलं नसतानाही ओळखता येतो, पळसाला पाने तीनच. मधेच कांचन, टॅबेबुया, ग्लिरिसिडिया. एप्रिलकडे नीलमोहर, सोनमोहर, मग बहावा आणि शेवटी गुलमोहर, तोपर्यंत परीक्षा. दरवर्षी आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतंच, त्यामुळे तारखा पाठ करू नका.

पानं टाकून मग फुलायचं हे का करतात असा प्रश्न मला पडला होता. आमच्या बॉटनीच्या मॅडमनी सांगितलं ते डोक्यात बसलंय. आपल्याकडे पुढचा पाऊस जूनमध्ये, जमिनीतलं पाणी कमी होत जातं आणि पानांतून पाणी सतत उडतं, म्हणून पानं टाकून झाड खर्च कमी करतं. आणि पानं नसली की फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना, मधमाश्यांना. शिवाय आत्ता फुललं की पावसाच्या तोंडावर बी तयार. म्हणजे आपण ज्याला वाळलेलं झाड म्हणून पुढे जातो ते त्या वेळी सगळ्यात जास्त कामात असतं. हे कळल्यापासून मी बोडक्या झाडाकडे वेगळ्याच नजरेने बघते.

काटेसावरीखाली सकाळी बसा. हे मी अगदी आग्रहाने सांगतेय. तिची फुलं पाकळी पाकळी गळत नाहीत, अख्खं फूल धप्पकन पडतं, आवाज येतो. आणि वर नुसता गोंधळ, साळुंख्या, बुलबुल, कावळे, पोपट, खारी, सगळे मध प्यायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये भोरड्यांचे थवे पण येतात, गुलाबी पाठ आणि काळं डोकं, त्यांना पळसमैना म्हणतात ते यासाठीच, त्या पळस-सावरीवर पोट भरतात आणि मग मध्य आशियाकडे परत जातात. म्हणजे आपला वसंत त्यांच्यासाठी निघायची वेळ. आमच्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते, तिथेही मार्च सरता सरता परदेशी बदकं कमी होत जातात आणि पाणी एकदम शांत वाटायला लागतं. जायचं असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत एका रविवारी पहाटे निघा, दुपारी जाऊन काही दिसत नाही.

आता आवाज. डोळे पुस्तकात असले तरी कान मोकळे असतात त्यामुळे लायब्ररीत खिडकीशेजारची जागा पकडा, आमच्याकडे त्या जागेवरून भांडणं होतात पण सव्वानऊच्या आत गेलं की मिळते. कोकीळ सगळ्यांना माहीत आहे पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ते कुहू कुहू नर करतो, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि ती नुसतं किक-किक-किक ओरडत या झाडावरून त्या झाडावर जाते. अंडी कावळ्याच्या घरट्यात. त्यामुळे कॅम्पसवर कावळे कोकिळेच्या मागे लागलेले दिसले तर बघत थांबा, जवळपास घरटं असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा आवाज तांबटाचा. टुक टुक टुक टुक, एकसारखा, दुपारच्या उन्हात तासन् तास. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा, म्हणून तांबट, आणि हे नाव नाशिककरांइतकं कोणाला पटणार, आपल्या जुन्या गावात तांबट लेनच आहे. पक्षी चिमणीपेक्षा थोडाच मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडून राहतो, म्हणून वाळकी फांदी दिसली की लगेच तोडा तोडा म्हणू नये, डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्यावी. तिसरा दयाळ, काळा-पांढरा, मार्चपासून पहाटे उजाडायच्या आधी अँटेनावर नाहीतर वायरवर बसून गातो आणि काय गातो, हॉस्टेलवाल्यांनी एकदा तरी साडेपाचला गच्चीत जाऊन ऐकाच. आवाज ओळखता येत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, मोबाईल धरला की कोणता पक्षी बोलतोय ते सांगतं, कधीकधी चुकतंय पण सुरुवातीला आधार होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस कॅम्पस बर्ड काउंट असतो, देशभरातली कॉलेजं आपापल्या आवारातले पक्षी मोजून ईबर्ड नावाच्या वेबसाइटवर नोंदवतात, एनएसएसच्या सरांना आधी विचारून ठेवलंत तर सगळ्या ग्रुपला सहज भाग घेता येतो.

वास. याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आंब्याचा मोहर जानेवारी-फेब्रुवारीत, त्याचा वास सकाळी दव असताना सगळ्यात जास्त येतो. फक्त मोहराच्या झाडाखाली गाडी लावू नका, तुडतुडे असतात त्यांचा चिकटा पडतो आणि सीट अशी चिकट होते की पुसता पुसता लेक्चर जातं. आणि कडुनिंब. मार्चअखेरीस, पाडव्याच्या आसपास, त्याला बारीक बारीक पांढरी फुलं येतात, दिवसा कोणी ढुंकून बघत नाही पण रात्री आठनंतर हवा गार झाली की मधासारखा मंद वास सुटतो. आम्ही चौघी रूमवर राहतो, जेवण झालं की मेसवरून परत येताना कोपऱ्यावरच्या निंबाखाली पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहतो, कोणी बोलत नाही. मला वाटतं माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांतलं मला सगळ्यात जास्त हेच आठवेल.

खायचं पण सांगते कारण वसंत पोटातूनही कळतो. गोरस चिंच, म्हणजे विलायती चिंच, गेटवरच्या आजीकडे पाटीत मिळते, गुलाबी-पांढरी गोल गोल वळलेली, ती फार दिवस राहत नाही. कैरी तिखट-मीठ लावून. रसवंतीच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज आला की समजा ऊन खरंच वाढलंय. चैत्रात कोणाच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असेल तर मैत्रिणीबरोबर जाच, आंबेडाळ आणि पन्हं मिळतं. आणि द्राक्षं, नाशिकमध्ये राहून फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं खाल्ली नाहीत तर काय उपयोग. आधी मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा.

द्राक्षांवरून एक सांगायचंय, थोडं विषयाबाहेर वाटेल पण नाहीये. आमची बाग आहे. आमच्या घरी फेब्रुवारी-मार्च म्हणजे काढणी, पहाटेपासून खुडायला बायका येतात, क्रेट भरतात, व्यापारी येतो, पप्पांना जेवायला वेळ नसतो. या दिवसांत आभाळ भरून आलं की कॉलेजात सगळे म्हणतात काय मस्त क्लायमेट झालंय, चला गंगापूर धरणावर जाऊ, आणि मी पहिल्यांदा घरी फोन लावते. तयार द्राक्षावर अवकाळी पाऊस पडला की मणी तडकतात, गारपीट झाली तर वर्षच गेलं. म्हणून माझी एक विनंती आहे, मार्चमध्ये ढग आले तर फोटो जरूर काढा, पण वर्गात दिंडोरी, निफाड, सटाण्याकडचं कोणी असेल तर त्यांना एकदा विचारा, घरी सगळं ठीक आहे ना. एवढं विचारलं तरी बरं वाटतं. माझ्या बेंच पार्टनरने विचारलं होतं, तेव्हापासून आमची मैत्री आहे.

आणि बागेतला वसंत काढणीनंतर येतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, सगळ्या काड्या कापून वेल नुसता खोड आणि ओलांडे, म्हणजे आडव्या पसरलेल्या मुख्य फांद्या, एवढाच उरतो, बघवत नाही, आणि मग पंधरा दिवसांत डोळे फुटतात, लालसर लोकरी पालवी. पिंपळासारखीच.

कॅम्पसबाहेर जायचं असेल तर फार लांब जायची गरज नाही. सकाळी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, झाडं जुनी आहेत, पक्षी भरपूर. पांडवलेणीला सिटीलिंकच्या बसने जाता येतं, पायथ्याला नेहरू वनोद्यान आहे, सातच्या आत पोहोचा, नऊनंतर दगड तापतो. तिथे आणि कुठल्याही उंच इमारतीला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर खाली दंगा, धूर, भडक परफ्युम काही नको, वसंतात फुलं जास्त म्हणून माश्याही कामात असतात आणि त्या चिडल्या तर पळायला जागा मिळत नाही. संध्याकाळी गोदापार्क ठीक.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि ते याच गावचे, एचपीटी कॉलेजमध्येच शिकलेले, तेव्हा त्या दिवशी कार्यक्रम एसी हॉलमध्ये न करता झाडाखाली करा. आम्ही गेल्या वर्षी केला, सतरंजी टाकली, प्रत्येकाने पाठ असलेली एक कविता म्हटली, माईक नव्हता आणि काही अडलं नाही, वरून फुलं पडत होती.

रंगपंचमी. बाहेरगावची मुलं धुळवडीला रंग घेऊन तयार असतात पण नाशिकला रंग खेळतात तो पंचमीला, होळीनंतर पाचव्या दिवशी. आणि जुन्या नाशकात रहाडी उघडतात, पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, एरवी रस्त्याखाली बुजवलेले, त्या दिवसापुरते खणून रंगीत पाणी भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. गर्दी प्रचंड असते, मोबाईल घरी ठेवा, जुने कपडे, ग्रुपने जा आणि पोहता येत नसेल तर कडेनेच बघा, मी कडेनेच बघितलं आणि तरी नखशिखांत रंगले. कॅम्पसवर खेळायचं असेल तर पळसाची पडलेली फुलं आदल्या रात्री गरम पाण्यात भिजवा, सकाळी केशरी पाणी तयार, फक्त झाडावरची ओरबाडू नका, खाली सडा असतोच. आणि होळीला ओली फांदी तोडायची नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते.

एक शेवटचं काम, यात थोडी मेहनत आहे. पानगळ झाली की आमच्याकडे पाचोळा झाडून झाडाच्या बुंध्याशीच पेटवायचे. धूर वर्गात, बुंधा भाजलेला आणि नुकती फुटलेली खालची पालवी करपलेली. आम्ही सहा जण आवार झाडणाऱ्या मामांकडे गेलो, भांडायला नाही, विचारायला, की आम्ही खड्डा खणून दिला तर तुम्ही पाचोळा त्यात टाकाल का. मामा म्हणाले, "पेटवायची हौस थोडीच आहे रे पोरांनो, टाकायचा कुठं ते सांगा." दोन रविवार लागले, तीन फूट खोल खड्डा, पाचोळ्याचा एक थर, मातीचा पातळ थर, थोडं शेण, पाणी, परत पाचोळा. आठवड्यातून एकदा पाणी मारायचं. पाच-सहा महिन्यांत काळं भुसभुशीत खत. २०२५ च्या शेवटी तपोवनातली झाडं वाचवायला नाशिकमधली किती माणसं उभी राहिली ते आपण बघितलंय, आपल्या गेटच्या आतल्या झाडांसाठी खड्डा तरी नक्कीच खणता येतो.

मग एप्रिलच्या शेवटी, पेपर चालू असताना, सावरीची बोंडं तडकतात आणि कापूस उडायला लागतो. परीक्षेच्या हॉलच्या खिडकीतून आत येतो, आन्सरशीटवर बसतो. तो फुंकून टाकू नका, आत मोहरीपेक्षा बरंच मोठं काळपट बी असतं, पेपर झाल्यावर सात-आठ गोळा करा आणि कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोकं पाडून माती भरायची आणि बी अर्धा इंच खाली पेरायचं. माझी पुडी कंपासपेटीत आहे, वर तारीख लिहून ठेवलीय.